उपग्रहाचा तापमान-नकाशा वर्गात कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूगोलाच्या शिक्षकांबरोबर भू-पृष्ठ तापमानाचे नकाशे घेऊन बसलं की फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. काही मुलांनी वर्गात विचारलेले, काही शिक्षकांच्या स्वतःच्या मनातले. आठवी ते बारावीला शिकवणाऱ्यांसाठी ते इथे एकत्र केले आहेत. क्रम पाठ्यपुस्तकातला नाही, प्रश्न ज्या ओघात येतात तो आहे.

बातम्यांत ४२ अंश सांगतात आणि उपग्रहाच्या नकाशात त्याच गावी ५५ दिसतं. खरं कोणतं?

दोन्ही खरी. मोजलेल्या वस्तू वेगळ्या आहेत. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीला असतो. तो हवेचं तापमान सांगतो. उपग्रह सांगतो ते जमिनीच्या कातडीचं तापमान. आभाळातून थेट जे दिसतं त्याचं: मातीचा अगदी वरचा थर, डांबर, झाडांचे शेंडे, घरांची छपरं. मे महिन्यात दुपारी अनवाणी डांबरी रस्ता ओलांडलेल्या मुलाला हा फरक तळपायाने आधीच शिकवलेला असतो. आपण फक्त त्याला नाव द्यायचं.

मोठी माणसंही इथे फसतात. २९ एप्रिल २०२२ चा युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-३ उपग्रहाचा एक नकाशा आठवा. अहमदाबादच्या आग्नेयेला आणि नैर्ऋत्येला पृष्ठभागाचं तापमान ६५ अंशांच्या आसपास गेलेलं त्यात दिसत होतं. समाजमाध्यमांवर तो हवेचं तापमान म्हणून फिरला. भारतात हवेच्या तापमानाचा उच्चांक आहे ५१ अंश, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. जगाचा मान्य उच्चांक ५६.७ अंश, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा. मग ६५ ही हवा कशी असेल? हा प्रश्न मुलांपुढे टाका आणि गप्प बसा. दहा मिनिटांत वर्ग स्वतःच उत्तरापाशी येतो. पुढचा धागा हवा असेल तर इराणच्या लूत वाळवंटाचा द्या: २००५ मध्ये तिथल्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाने ७०.७ अंश नोंदवलं होतं.

मग नकाशातल्या आकड्यातून ठरावीक अंश वजा केले की हवेचं तापमान मिळेल?

नाही. दाट जंगलावर दोन्ही आकडे जवळजवळ असतात, उघड्या कोरड्या मातीवर दुपारी खूप लांब जातात, आणि निरभ्र रात्री जमीन हवेपेक्षा थंड होते, म्हणजे चिन्हच उलटतं. वजाबाकीचं सूत्र मुलांना देऊ नका. एकदा दिलं की ते वहीतून पुसलं जात नाही.

७०० किलोमीटर वरून तापमान कळतं कसं? उपग्रह तापमापक तर खाली सोडत नाही.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारणं बाहेर टाकते. सूर्याची सर्वांत जोरकस प्रारणं अर्ध्या मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासची, म्हणून ती डोळ्यांना दिसतात. आपली जमीन साधारण ३०० केल्विनची, म्हणजे २७ अंश सेल्सिअसची. तिची प्रारणं सर्वांत जोरात १० मायक्रोमीटरच्या जवळ असतात. या अवरक्त लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात वातावरण त्यांना बऱ्यापैकी वाट देतं. उपग्रहावरचा संवेदक त्याच खिडकीतून खाली पाहतो, किती ऊर्जा आली ते मोजतो आणि त्यावरून तापमानाचं गणित मांडतो.

वर्गात एवढं पुरे. बारावीच्या मुलांना वीनचा नियम (तापमानावरून सर्वांत जोरकस प्रारणांची तरंगलांबी काढायचा) लावून २८९८ भागिले ३०० करायला सांगा. उत्तर ९.६६ येतं आणि भौतिकशास्त्राचा तास भूगोलात शिरल्याचा त्यांना आनंद होतो.

सुरुवात कुठून करावी? थेट पडद्यावर नकाशा लावावा का?

माझं मत: नकाशा दुसऱ्या तासाला. पहिला तास अंगणात.

शाळेच्या आवारात डांबर, फरशी, मुरूम, गवत, झाडाखालची माती आणि जमलं तर सारवलेली जागा अशी पाच-सहा ठिकाणं निवडा. मुलांनी आधी नुसत्या अंदाजाने त्यांचा क्रम लावायचा, सर्वांत तापलेलं ते सर्वांत थंड. मग मोजायचं. त्यासाठी गनसारखा अवरक्त तापमापक लागतो. कोविडच्या काळातल्या कपाळावर रोखायच्या गन अनेक शाळांच्या कपाटात पडून आहेत, पण त्या सरसकट चालत नाहीत. शरीराच्या मोडवर त्या साधारण ३२ ते ४३ अंशांपलीकडे आकडा दाखवत नाहीत. पृष्ठभागाचा वेगळा मोड असेल तरच वापरा, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी गन घ्या.

मोजताना दोन पथ्यं. गन एसीच्या खोलीतून काढून लगेच वापरू नका, तिला अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. आणि एका ठिकाणी एकच आकडा घेऊन थांबू नका. ग्लोब या आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रमात एका जागेवर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात. नऊ आकडे सारखे येत नाहीत हे पाहणं हाच अर्धा धडा. तेच मोजमाप सकाळी शाळा भरताना आणि दुपारी सुटताना करा. डांबराचा आकडा कसा उडी मारतो आणि झाडाखालची माती कशी जागची हलत नाही, हे मुलांनी स्वतः लिहिलेल्या तक्त्यात दिसतं. नकाशा नंतर आला की त्यातला प्रत्येक रंग त्यांना ओळखीच्या जमिनीचा वाटतो.

लाल म्हणजे गरम आणि निळं म्हणजे थंड, एवढं मुलांना कळतं. अजून काय शिकवायचं?

हेच आधी विसरायला शिकवायचं. मुलं रंग पाहतात आणि सूची, म्हणजे कोणता रंग किती अंशांचा ते सांगणारी पट्टी, पाहतच नाहीत. सगळ्या चुकांची आई ही.

तापमान-नकाशातला रंग हा कुणीतरी निवडलेला असतो. एका नकाशात लाल ४५ अंशांना असेल, दुसऱ्यात २८ ला. जानेवारीत महाबळेश्वरचा नकाशा काढणाऱ्याने सर्वांत जास्त आकड्याला लाल दिला तर महाबळेश्वर पेटलेलं दिसेल. नासाच्या मासिक जागतिक नकाशांची मोजपट्टी साधारण उणे २५ ते अधिक ४५ अंश असते. तिच्यावर सोलापूर आणि नागपूर यांच्यातला फरक डोळ्यांना जवळजवळ कळत नाही, कारण सत्तर अंशांचा पल्ला थोड्याशा छटांमध्ये बसवलेला असतो.

यावर एक व्यायाम आहे, खर्च शून्य. फळ्यावर दहा बाय दहाची चौकट आखा, प्रत्येक घरात २५ ते ५० मधला आकडा लिहा. मध्ये एक तळं ठेवा, एक वाडी, कडेला माळ. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाची सूची: दर पाच अंशांना एक रंग. दुसऱ्या गटाची: ४० च्या खाली सगळं निळं, वर सगळं लाल. दोघांनी तेच आकडे रंगवायचे. शेवटी कागद शेजारी लावले की मुलं म्हणतात, "सर, ही दोन वेगळी गावं आहेत." तिथे थांबून विचारा, गाव बदललं की सूची? क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यांच्या गटांनुसार प्रदेशांना छटा देतात त्यात, वर्ग पाडताना हाच खेळ होतो हे त्यांना आठवेलच.

रंगांबद्दल आणखी एक. लाल-हिरवा भेद न कळणारं मूल वर्गात असू शकतं आणि ते सहसा बोलत नाही. इंद्रधनुषी पट्टीऐवजी फिकटपासून गडदपर्यंत जाणारी एकाच जातीच्या रंगांची पट्टी निवडली तर त्याची पंचाईत होत नाही.

नकाशावर तारीख असते, पण वेळ का विचारायची?

कारण हा सरासरी दिवस नसतो. उपग्रह डोक्यावरून गेला त्या क्षणाचं ते तापमान. नासाचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये गेला, अॅक्वा मे २००२ मध्ये. टेराची वेळ स्थानिक घड्याळाने सकाळी साडेदहाच्या सुमाराची ठरवली होती, अॅक्वाची दुपारी दीडची, आणि दोघे रात्रीही त्याच आकड्यांना येतात. लँडसॅट हे अमेरिकी उपग्रह सकाळी दहाच्या पुढे. आता डांबराचं सकाळी दहाचं आणि दुपारी दीडचं तापमान अंगणातल्या तक्त्यात पाहा. टेराचा एक नकाशा आणि अॅक्वाचा दुसरा शेजारी ठेवून "तापमान वाढलं" म्हणणं किती फसवं, ते तिथेच समजतं.

बारकावा हवा असेल तर: टेरा आणि अॅक्वा आता म्हातारे झाले आहेत, इंधन सरत आल्याने त्यांच्या कक्षा सांभाळणं थांबवलं गेलं. टेरा ठरल्या वेळेच्या आधी येऊ लागला, अॅक्वा नंतर. त्यामुळे २००५ चा आणि गेल्या वर्षीचा नकाशा एकाच उपग्रहाचा असला तरी घड्याळ तेच नसतं.

जुलैच्या नकाशात कोकण गायब आहे. फाईल बिघडली का?

बिघडली नाही, ढग आहेत. अवरक्त लहरी ढगांतून पार होत नाहीत. ढगाळ जागी उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो, जमीन नाही, म्हणून ती जागा रिकामी ठेवतात. कुठे काळी, कुठे पांढरी, कुठे राखाडी. मुलं काळ्याला "सर्वांत थंड" म्हणून वाचतात, तेव्हा "माहिती नाही" हा सुद्धा सूचीतला एक रंग आहे हे स्पष्ट सांगा. रिकाम्या जागा भरायला आठ दिवसांचे किंवा महिन्याचे नकाशे एकत्र करतात, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीवर तेवढ्यानेही भागत नाही.

यातून एक छुपा कल येतो. मासिक नकाशात फक्त निरभ्र दिवस मोजले जातात आणि निरभ्र दिवस उन्हाचे असतात. म्हणजे पावसाळ्यातला नकाशा त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांपेक्षा थोडा जास्त तापलेला.

कारखान्याचं पत्र्याचं छप्पर नकाशात थंड दिसतं. पत्र्याखाली तर उकडून निघतो आपण!

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला शाबासकी द्या. नवा चकचकीत पत्रा तापतो खरा, पण उष्णतेची प्रारणं बाहेर टाकण्यात तो कंजूष असतो. वर आरशासारखं आभाळ परावर्तित करतो, आणि निरभ्र आभाळ अवरक्त नजरेला फार थंड असतं. गणितात पत्र्यालाही मातीसारखाच उदार धरलं की आकडा कमी येतो. गंजलेला किंवा रंग दिलेला पत्रा असं फसवत नाही.

वर्गात दाखवायला स्टीलचा तांब्या, गरम पाणी आणि वीजतंत्र्याची काळी चिकटपट्टी लागते. तांब्याला बाहेरून पट्टीचा तुकडा चिकटवा, पाणी ओता, मिनिटभर थांबा. गन आधी चकचकीत स्टीलवर रोखा, मग पट्टीवर. तांब्या एकच, पाणी एकच, आकड्यांत मोठा फरक. मी आजवर केलेल्या प्रयोगांत मुलांना सर्वांत जास्त धक्का याच प्रयोगाने बसतो.

शहरं तापलेली असतात असं पुस्तकात आहे. मग मे महिन्याच्या दुपारच्या नकाशात शहर थंड आणि भोवतालचं रान गरम का?

कारण पुस्तकातली उष्णतेची बेटं, म्हणजे भोवतालापेक्षा तापलेली शहरं, आधी थंड, हिरव्या मुलखातल्या शहरांवर अभ्यासली गेली. तिथे शहराभोवती जंगल किंवा कुरण असतं. आपल्याकडे मे महिन्यात शहराभोवती काय असतं? ज्वारी-हरभरा निघून गेलेलं, नांगरून टाकलेलं, कोरडं ठणठणीत रान. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती तर रंगानेच ऊन पिते. ती भुसभुशीत आणि कोरडी असल्याने ऊन खोल झिरपत नाही, वरचा थर एकटाच भाजून निघतो. शहरात मात्र रस्त्याकडेची झाडं, बागा, पाणी घातलेली कुंपणं आणि उंच इमारतींची सावली असते. भारतातल्या अनेक शहरांवरच्या अभ्यासांत उन्हाळ्याच्या दिवसा हेच आढळलं आहे.

आता रात्रीचा नकाशा लावा. चित्र उलटतं. भुसभुशीत माती जशी चटकन तापली तशी चटकन निवते, काँक्रीट आणि डांबर मात्र दिवसभर साठवलेली ऊब रात्रभर सोडत राहतात. शहर ठळक उठून दिसतं. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरचा दिवसाचा नकाशा लावला तर तिसरंच चित्र: भोवतालची शेतं हिरवी आणि ओली, पानांतून बाष्प जातंय, म्हणून रान थंड आणि शहर गरम.

हे तीन नकाशे एकत्र दिले की "शहर गरम असतं का?" या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, हे मुलांना जाणवतं. दिवसा की रात्री, कोणत्या ऋतूत, कशाच्या तुलनेत, हे प्रतिप्रश्न ती स्वतः विचारू लागतात. माझ्या लेखी हा सगळ्या पाठाचा गाभा आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकीचं सोडून एवढंच घ्यावं.

जवळची उदाहरणं भरपूर आहेत. कृष्णाकाठची उसाची पट्टी आणि माण-खटावची माळरानं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा शंभरेक चौरस किलोमीटरचा थंड ठिपका आणि त्याला खेटून असलेली वस्ती. उजनी किंवा जायकवाडीचं पाणी दिवसा भोवतालापेक्षा थंड, रात्री उबदार. पाण्याचं उदाहरण मुलांना सर्वांत लवकर कळतं, त्यावर फार वेळ घालवू नका.

"सर, आमचं घर दाखवा." काय उत्तर द्यायचं?

एकरात उत्तर द्या. टेरा-अॅक्वाच्या नकाशातला एक चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे शंभर हेक्टर, जवळपास अडीचशे एकर. आपल्या इन्सॅट-३डी जातीच्या उपग्रहांचा अवरक्त चौकोन चार किलोमीटरचा, पण ते भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरत एकाच भागावर नजर ठेवणारे, असल्याने दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. लँडसॅट ८ आणि ९ मोजतात शंभर मीटरवर, म्हणजे एक हेक्टर, अडीच एकर. दोघे मिळून एका जागी आठ दिवसांनी येतात. लँडसॅटचे तापमान-नकाशे ३० मीटरच्या चौकोनांत मिळतात, पण ती वाटणी नंतर केलेली असते. त्यावर भरोसा ठेवून एका घराचं तापमान सांगू नका.

अडीचशे एकरांत शेततळं, वस्ती, रस्ता आणि ऊस असं सगळं आलं तर आकडा त्या सगळ्यांच्या मिश्रणाचा. गनशीही याची सांगड घालता येते. बऱ्याच गनवर १२:१ असं लिहिलेलं असतं. बारा फुटांवरून रोखली तर फूटभर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी येते. मुलांना एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे करायला लावा.

नकाशे फुकट कुठे मिळतात?

नासाच्या 'निओ' संकेतस्थळावर महिन्याचे दिवसाचे आणि रात्रीचे जागतिक नकाशे आहेत, शाळेसाठी सर्वांत सोपे. रोजचं चित्र 'वर्ल्डव्ह्यू'वर. लँडसॅटची माहिती २००८ पासून मोफत आहे. इन्सॅटसाठी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचं 'मोसडॅक', आणि आपल्या तालुक्याच्या भूवापराशी ताडून पाहायला इस्रोचं 'भुवन'.

फाईल उघडली तर १५,६०० असे आकडे दिसतात. हे कसलं तापमान?

टेरा-अॅक्वाच्या मूळ फाईलमध्ये जागा वाचवायला पूर्णांक साठवतात. ०.०२ ने गुणा: ३१२ केल्विन. त्यातून २७३.१५ वजा करा: ३८.८५ अंश सेल्सिअस. लँडसॅटचा गुणक वेगळा असतो, तिथे हा लावू नका.

विसंगती नकाशा म्हणजे काय? त्यात सैबेरिया लालभडक का?

तो नकाशा तापमान सांगत नाही, नेहमीपेक्षा किती फरक पडला ते सांगतो. सैबेरिया उणे वीस असू शकतो आणि तरी लाल, कारण त्या महिन्यात तो नेहमी उणे अठ्ठावीस असतो. "नेहमी" म्हणजे कोणती वर्षं, हे नकाशाखाली लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचायला लावा. मुलांना एका वाक्यात: परीक्षेचे गुण आणि गेल्या वेळेपेक्षा वाढलेले गुण, या दोन वेगळ्या यादी.

जगाचे बारा महिन्यांचे नकाशे दिले तर त्यातून काय काढून घ्यायचं?

तापलेला पट्टा जानेवारीत ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत, जुलैत सहारा आणि अरबस्तानात, एवढं सगळे काढतात. त्यापुढे भारतावर बोट ठेवा. सूर्य जूनमध्ये कर्कवृत्तावर येतो, पण आपला बराचसा भाग मे महिन्यातच सर्वांत तापलेला दिसतो आणि जुलैत निवलेला. का? उत्तर छत्री घेऊन शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं, फक्त ते नकाशाशी जोडलेलं नसतं. मग तिबेट दाखवा: दिल्लीहून फार उत्तरेला नाही, तरी निळं. अक्षांशाची सवय लागलेल्या डोळ्यांना इथे उंची आठवते.

या नकाशांवरून जागतिक तापमानवाढ सिद्ध करता येते का?

दोन नकाशे शेजारी ठेवून नाही. एका वर्षी वळीव लवकर आला, धरण भरलेलं होतं, उपग्रहाची वेळ सरकली, अशा कितीतरी कारणांनी दोन मे महिने वेगळे दिसतात. तापमानवाढीचा पुरावा वेधशाळांच्या आणि समुद्रावरच्या दीर्घ नोंदींतून येतो. उपग्रहांची मालिका सांभाळून जुळवली तर तीही साथ देते. वर्गातल्या दोन कागदांवर तेवढं ओझं टाकू नका.

परीक्षेत काय विचारावं?

"खालील नकाशात सर्वांत उष्ण प्रदेश कोणता?" हा प्रश्न रंग ओळखण्याचा झाला, त्याला भूगोल लागत नाही. त्याऐवजी सूची झाकलेला नकाशा द्या आणि विचारा, कोणतं विधान आत्ता करता येणार नाही? किंवा एकाच जागेचे दोन नकाशे, वेळ न सांगता: यातला रात्रीचा कोणता, धरणाकडे पाहून सांगा.

शाळेत प्रोजेक्टर नाही, फक्त झेरॉक्स आहे. जमेल?

जमेल, पण रंगीत नकाशाची थेट झेरॉक्स काढू नका. इंद्रधनुषी पट्टीतला गडद निळा आणि गडद लाल दोन्ही सारखेच काळे उमटतात, आणि हिमालय व थरचं वाळवंट एका रंगाचे होतात. 'निओ'वरून राखाडी छटांची प्रत उतरवा, तिच्यात फिकटपासून गडदपर्यंत एकच चढण असते. सूची त्याच पानावर येईल असं पाहा, कारण ती बहुतेक वेळा कापली जाते. मग मुलांच्या हाती रंगपेट्या द्या.